शीतकाळातील घरगुती विद्युत्संचायक : इगतपुरीच्या थंडीच्या निमित्ताने

कसाऱ्याचा घाट चढून गाडी इगतपुरीस पोहोचली की थंडीच्या दिवसांत प्रवासी खिडक्या लावून घेऊ लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील या गावी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उष्णतामान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते आणि दुपारी पुन्हा २७-२८ अंशांपर्यंत चढते. हा चढउतार माणसाला जसा जाणवतो, तसाच तो घरातील एका मुक्या वस्तूसही जाणवतो. वीज गेल्यावर दिवे व पंखे चालविणारा इन्व्हर्टर घाटमाथ्यावरील लहानसहान घरांतूनही आता आढळतो, आणि त्याच्या जोडीला असलेली बॅटरी, अर्थात विद्युत्संचायक, बहुधा गॅलरीत, जिन्याखाली अगर मागील पडवीत ठेवलेला असतो. घरात जागा नाही आणि आम्लाची भीती वाटते, ही त्याची दोन कारणे होत. परिणाम असा होतो की घरातील माणसे पांघरुणात असताना बॅटरी मात्र उघड्यावर कुडकुडत असते. दिवाळीपर्यंत चार तास पुरणारी बॅटरी पौषात साडेतीन तासांतच का बसते, ही तक्रार मग ओघानेच येते. तिच्या पाठोपाठ उपायही सुचू लागतात : बॅटरीवर गोधडी घालावी, शेजारी शेगडी ठेवावी, निदान एखादा दिवा तरी लावून ठेवावा.

पंधरा-वीस हजार रुपयांच्या वस्तूचा आणि घरातील माणसांच्या सुरक्षिततेचा हा प्रश्न असल्याने त्याचा शास्त्रीय दृष्टीने विचार करणे अगत्याचे आहे. थंडीने बॅटरी दुबळी होते हे खरे. परंतु इगतपुरीच्या थंडीने तिचे कायमचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते थंडीत ती अपुरी भरली गेल्यामुळे, आणि कित्येकदा अविचाराने दिलेल्या उबेमुळे.

घरगुती इन्व्हर्टरसाठी आजही प्रामुख्याने शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी वापरली जाते. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली प्रथम सिद्ध केली. तिच्या प्रत्येक घटात शिशाची ऋण पट्टिका, शिशाच्या डायऑक्साइडची धन पट्टिका आणि दोहोंमध्ये पाणी घातलेले गंधकाम्ल असते. वीज घेतली जात असताना आम्लातील गंधकित भाग दोन्ही पट्टिकांशी संयोग पावून तेथे लेड सल्फेट तयार होते व आम्ल पातळ होत जाते. बॅटरी भरताना हीच क्रिया उलट दिशेने घडून आम्ल पुन्हा तीव्र होते. एका घटाचा विद्युद्दाब सुमारे दोन व्होल्ट असल्याने असे सहा घट ओळीने जोडून बारा व्होल्टांची बॅटरी बनते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. पट्टिका वरून घन दिसल्या तरी आतून स्पंजासारख्या सच्छिद्र असतात आणि बहुतेक रासायनिक क्रिया या सूक्ष्म छिद्रांच्या आत चालते. छिद्रांतील आम्ल खर्च झाले की बाहेरचे ताजे आम्ल आत झिरपले पाहिजे. थंडीने गंधकाम्ल दाट होते व त्याचे झिरपणे मंदावते. थंडीत मध किंवा खोबरेल तेल बाटलीतून लवकर उतरत नाही, तसाच काहीसा हा प्रकार आहे, मात्र पुष्कळ सौम्य प्रमाणात. त्यामुळे पट्टिकेच्या आतील द्रव्य शिल्लक असूनही आम्लाअभावी स्वस्थ बसून राहते. शिवाय आयनांची हालचाल मंदावल्याने बॅटरीचा आंतरिक रोध वाढतो, विद्युद्दाब लवकर खाली येतो आणि इन्व्हर्टर आपल्या ठराविक मर्यादेस पोहोचून बंद पडतो. पहाटे बंद पडलेला इन्व्हर्टर अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा सुरू होऊन काही वेळ चालतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्यात चमत्कार काही नाही. मधल्या काळात आम्ल छिद्रांत झिरपलेले असते, इतकेच.

ही घट किती, तेही पाहू. भारतात बॅटरीची धारणशक्ती २७ अंश सेल्सिअसला धरण्याची पद्धत आहे. दहा तासांत सावकाश रिकामी होणारी बॅटरी त्याखालील प्रत्येक अंशामागे अर्ध्या टक्क्याहून किंचित कमी धारणशक्ती गमावते. तास-दोन तासांत झपाट्याने वापरली तर ही घट सुमारे दुप्पट होते. पहाटेच्या १० अंशांना फरक १७ अंशांचा पडतो. म्हणजे १५० अँपिअर-तासांची बॅटरी सावकाश वापरात सुमारे १३९ आणि जलद वापरात १२५ ते १३० अँपिअर-तास देईल. घट आहे, पण ती भयंकर नाही. त्यातही थंडीत पंखे बंद असतात हे विसरून चालणार नाही. साधे दोन पंखे मिळून सुमारे १५० वॉट ओढतात आणि एल.ई.डी.चे चार दिवे जेमतेम ४० वॉट. ज्या घरात हिवाळ्यात केवळ दिवेच चालतात त्या घरास थंडीची ही कपात जाणवूही नये. ज्यांना ती तीव्रतेने जाणवते त्यांच्या बॅटरीत बहुधा दुसरा काही दोष आधीच शिरलेला असतो. थंडी तो केवळ उघडकीस आणते.

हा दोष म्हणजे बॅटरी नित्य अपुरी भरली जाणे. थंड बॅटरी वीज देण्यास जशी आळशी, तशीच घेण्यासही आळशी असते. २७ अंशांना १४.४ व्होल्टांवर जी पूर्ण भरते, तीच १० अंशांना तेवढ्याच दाबावर पूर्ण भरत नाही. दर घटास दर अंशामागे सुमारे ४ मिलिव्होल्ट दाब वाढवावा लागतो. सहा घट व १७ अंशांचा फरक यांचा गुणाकार केला असता ही वाढ सुमारे ०.४ व्होल्ट येते, अर्थात १४.४ च्या जागी १४.८ व्होल्ट हवेत. चांगल्या प्रतीच्या उपकरणांत बॅटरीस चिकटविलेल्या लहानशा संवेदकाच्या साह्याने हा फेरफार आपोआप होतो. स्वस्त इन्व्हर्टरांत ही सोय बहुधा नसते. तेथे रोजच्या भरण्यातील शेवटचा काही हिस्सा राहून जातो. एका दिवसाचे हे न्यून क्षुल्लक असते, पण दोन महिन्यांचे तसे नसते. पट्टिकांवर मागे राहिलेले लेड सल्फेट प्रथम बारीक कणांच्या रूपात असते व सहज विरघळते. तेच आठवडेच्या आठवडे पडून राहिले तर त्याचे मोठे, कठीण स्फटिक बनतात आणि मग ते नेहमीच्या प्रवाहास दाद देत नाहीत. बॅटरी खऱ्या अर्थाने म्हातारी होते ती अशी.

ज्या घरांत बॅटरी सौर पॅनेलवर अवलंबून आहे तेथे हा धोका अधिक असतो, आणि त्याचा आरंभ थंडीत नव्हे, पावसाळ्यात होतो. इगतपुरीस वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात आठवडाभर सूर्यदर्शन होत नाही असेही प्रसंग येतात. चार महिने अर्धपोटी राहिलेली बॅटरी तशीच हिवाळ्यात प्रवेश करते आणि थंडी तिला पोटभर घेऊ देत नाही. म्हणून पाऊस उघडल्यावर, नवरात्र-दिवाळीच्या सुमारास, ती एकदा विद्युत् मंडळाच्या विजेवर सलग व सावकाश पूर्ण भरून घेणे हा थंडीवरील सर्वांत स्वस्त उपाय होय. घटांतील पाण्याची पातळी त्याच वेळी पाहून ऊर्ध्वपातित पाणी घालावे. विहिरीचे अथवा नळाचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी घालू नये.

बॅटरी भरली की नाही हे पाहण्यासाठी आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजण्याची पद्धत आहे, आणि या बाबतीत थंडी मोजणारास फसविते. द्रव थंड झाला की आक्रसतो व त्याची घनता वाढते. दर अंशामागे हा फरक सुमारे ०.०००७ असतो. १० अंशांना गुरुत्वमापीने १.२४० दाखविले तर २७ अंशांच्या मानाने खरे मूल्य सुमारे १.२२८ च आहे असे समजावे. बाहेरून भरलेली भासणारी बॅटरी प्रत्यक्षात उणी असते. तेव्हा मोजमाप दुपारी करावे, नाही तर ही वजाबाकी न चुकता करावी.

बॅटरी गोठेल काय, अशी शंका काहींच्या मनात येते. निफाडच्या परिसरात पारा ५ अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या अनेक हिवाळ्यांत येतात. पिकांवरील दवबिंदू गोठल्याचेही वाचावयास मिळते. परंतु पाणी गोठते त्या उष्णतामानास गंधकाम्ल गोठत नाही. पूर्ण भरलेल्या, १.२५० गुरुत्वाच्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांच्या आसपास गोठते, १.२०० गुरुत्वाचे उणे २७ अंशांना. आणि जवळजवळ रिकाम्या झालेल्या, १.१०० गुरुत्वाच्या बॅटरीतील उणे ८ अंशांना. यावरून दोन गोष्टी दिसून येतात. महाराष्ट्रात कोठेही बॅटरी गोठण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. आणि जेथे ती भीती खरी आहे तेथेही बॅटरीचे पहिले संरक्षण तिच्या पोटातील आम्लच असते, बाहेरची ऊब नव्हे. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा उणे २० अंशांखाली जातो. तेथे बॅटरी रिकामी राहिली तर आतील पाणीदार आम्ल गोठून फुगते, पट्टिका वाकतात व पेटी तडकते. यास्तव तेथे बॅटरी घराच्या उबदार भागातच ठेवावी लागते. लेहजवळील सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या मातीच्या इमारती या संदर्भात लक्षणीय आहेत. दक्षिणेकडे काचा आणि इतर बाजूंस मातीच्या जाड भिंती अशी त्यांची रचना असून, दिवसा साठविलेले ऊनच रात्री आतील हवा उबदार ठेवते. इंधन न जाळता ऊब राखण्याचे हे तत्त्व इगतपुरीच्या पडवीतही उपयोगी पडण्यासारखे आहे. त्याचा विचार पुढे येईल.

तत्पूर्वी शेगडीचा प्रश्न निकालात काढला पाहिजे. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवून घडांचे रक्षण करतात. उघड्या शेतात ते योग्यच आहे. त्याच न्यायाने बॅटरीशेजारी निखारे ठेवणे मात्र आत्मघाताचे होईल. बॅटरी भरत आली की प्रवाहाचा काही भाग पाण्याचे विघटन करण्यात खर्च होतो व हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू बाहेर पडतात. एका घटात एक अँपिअर-तास वीज अशी खर्ची पडली तर सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. सहा घटांच्या बॅटरीत ५ अँपिअर प्रवाह तासभर याच कामी गेला तर ही संख्या साडेबारा लिटरांच्या घरात जाते. हवेत हायड्रोजनचे प्रमाण शेकडा ४ झाले की मिश्रण पेट घेण्याजोगे होते. ३०० लिटर हवा मावेल अशा बंद कपाटात ही मर्यादा गाठण्यास १२ लिटर वायू पुरतो, म्हणजे तासाभराचेच काम. मग निखारा, निरांजन, उदबत्ती अथवा बटनातून उडालेली साधी ठिणगीही स्फोटास कारण होते, आणि त्या स्फोटात तीव्र आम्ल चेहऱ्यावर व डोळ्यांत उडते. देवघराखालच्या फडताळात बॅटरी ठेवण्याची पद्धत काही घरांत दिसते. जागेची सोय म्हणून ती कितीही बरी वाटली तरी ताबडतोब मोडावयास हवी.

गोधडीचे प्रकरण याहून सौम्य असले तरी निर्दोष नाही. वरून झाकलेल्या बॅटरीतील वायू कापडाखाली कोंडतो व आम्लाच्या तुषारांनी कापड कुजते. विजेचा दिवा लावून ठेवणे म्हणजे तर साठविलेल्या विजेनेच साठवण उबविणे. १५ वॉटांचा दिवा दहा तास जळला तर १५० वॉट-तास खर्च होतात. एवढ्या खर्चात ४० वॉटांचे दिवे पावणेचार तास चालले असते.

मग योग्य मार्ग कोणता? त्यासाठी बॅटरीचा एक गुण उपयोगी पडतो, तो म्हणजे तिचे वजन. १५० अँपिअर-तासांची बॅटरी ५५ ते ६० किलोग्रॅम भरते, आणि एवढ्या वस्तुमानास एक अंशाने थंड होण्यासाठी सुमारे ४५ ते ५० हजार ज्यूल उष्णता गमवावी लागते. उघड्यावरील बॅटरी भोवतालच्या हवेपेक्षा १० अंशांनी उष्ण असेल तर ती सुमारे ५० वॉट या वेगाने उष्णता गमावते. पहिला अंश उतरण्यास पाव तासाच्या आसपास वेळ लागतो आणि पहाटेपर्यंत ती हवेइतकीच थंड होते. तिच्या चारही बाजूंस व खाली पाच सेंटिमीटर जाडीचे थर्मोकोल बसविले तर हीच गळती पाच-सहा वॉटांवर येते, आणि एक अंश उतरण्यास सव्वादोन ते अडीच तास लागतात. वायू जाण्यासाठी वर ठेवलेल्या वाटेतून होणारी गळती जमेस धरली तरी रात्रीच्या आठ-दहा तासांत बॅटरी चार-पाच अंशांहून अधिक थंड होऊ नये.

गणित येथेच संपत नाही. अशी पेटीतील बॅटरी पहाटेच्या १० अंशांनाही जुमानत नाही आणि दुपारच्या २८ अंशांनाही लगेच वश होत नाही. ती दिवस-रात्रीच्या सरासरीजवळ, म्हणजे १९-२० अंशांच्या आसपास स्थिरावते. भरली जात असताना आत निर्माण होणारी थोडीशी उष्णताही तीत भर घालते. २० अंशांच्या बॅटरीची धारणशक्ती सावकाश वापरात केवळ ३ टक्क्यांनी उणी असते. अर्थात कोणतेही इंधन न जाळता, दुपारची ऊब पहाटेस पुरवून, घट निम्म्याहून कमी करता येते. आंबे पिकविण्यासाठी भाताच्या पेंढ्याची आढी घालतात तेव्हा पेंढा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. आंब्यांची उष्णता तो बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. बॅटरीच्या पेटीचे कार्य हेच आहे. भाताच्या या मुलखात पेंढा फुकट मिळतो म्हणून तोच पेटीत भरण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तो चटकन पेट घेतो. थर्मोकोलही ज्वलनशीलच असल्याने ते लाकडाच्या वा सिमेंटच्या पत्र्याच्या पेटीत आतून बसवावे आणि तारांच्या जोडांपासून दूर राखावे.

पेटी करताना तिचा माथा कधीही गच्च बंद करू नये. हायड्रोजन हवेहून पुष्कळ हलका असल्याने तो वर चढतो. झाकणाखाली समोरासमोरच्या दोन बाजूंस भोके ठेवली तर तो आपोआप निघून जातो. पेटी वाऱ्याच्या तोंडी नसावी. घाटाकडून येणारा वारा उघड्या बॅटरीची उष्णता स्थिर हवेच्या मानाने कितीतरी वेगाने हरण करतो. म्हणून पडवीचा कोपरा, शक्यतो घराच्या दक्षिणेकडील भिंतीचा, अधिक सोईचा. खाली लाकडी फळी घालावी. सिमेंटच्या जमिनीवर ठेवलेली बॅटरी जमिनीत ‘उतरून’ रिकामी होते असा एक समज सर्वत्र पसरला आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या पेट्यांच्या बाबतीत तो निराधार आहे. फळी हवी ती केवळ गार जमिनीत उष्णता वाहून जाऊ नये म्हणून.

आता लिथियमच्या बॅटरीविषयी. जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली पुढे आणलेल्या लिथियम-लोह-फॉस्फेट या द्रव्यावर आधारलेल्या बॅटऱ्या आता घरगुती वापरातही येऊ लागल्या आहेत. थंडीच्या बाबतीत त्यांचा स्वभाव शिशाच्या बॅटरीहून वेगळा आहे. त्या अपुऱ्या भरलेल्या राहिल्या तरी बिघडत नाहीत, आणि गोठून फुटण्याचा प्रश्नही त्यांत तसा येत नाही. परंतु शून्य अंशाखाली त्या भरण्याचा प्रयत्न केला तर लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठावर धातूच्या रूपाने साचतात. हे नुकसान भरून येत नाही, आणि साचलेल्या धातूमुळे आतल्या आत विद्युत्मंडल जुळून येण्याचा धोकाही असतो. म्हणून अशा बॅटरीतील नियंत्रक शून्य अंशाच्या सुमारास भरणे थांबवितो. कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस गॅरेजातील बॅटरीसाठी विद्युत्तापकाची सोय पाहावी लागते ती यामुळे. तेथे प्रथम बॅटरी उबविली जाते व मगच भरली जाते. इगतपुरीत हा प्रसंग येत नाही. येथे सौर वीज मिळते ती दिवसा, आणि त्या वेळी हवा पुरेशी उबदार असते. तापक बसविलेली महाग बॅटरी घाटमाथ्यावर कोणी विकू लागल्यास ती सोय येथे निरुपयोगी आहे हे ग्राहकाने ओळखावे.

उबेचा मोह आवरण्याचे आणखी एक कारण आहे. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतामान दर १० अंशांनी वाढले की अदमासे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. पट्टिकांची झीज ही देखील एक रासायनिक क्रियाच असून थंडी तिलाही मंद करते. ३५ अंशांना तीन वर्षे टिकणारी बॅटरी २५ अंशांना सहा वर्षांच्या जवळ जाऊ शकते. हिवाळ्यात जी पेटी बॅटरीस सुखद वाटते तीच एप्रिल-मे महिन्यांत तिचा भट्टीसारखा छळ करील. दिवसाची उष्णता आत अडकेल आणि भरताना निर्माण होणारी उष्णता बाहेर पडणार नाही. यास्तव पेटीच्या बाजू खिळ्यांनी ठोकून पक्क्या न करता खाचांत सरकविण्याजोग्या ठेवाव्यात. होळीच्या सुमारास त्या काढून ठेवाव्यात आणि दिवाळीनंतर पहिला गारठा जाणवू लागला की पुन्हा बसवाव्यात. ज्या इन्व्हर्टरमध्ये भरण्याचा दाब हाताने बदलण्याची सोय आहे तेथे तोही याच दोन वेळी बदलावा. हिवाळ्यात वाढविलेला दाब उन्हाळ्यात तसाच राहिला तर बॅटरी पाणी उकळल्याप्रमाणे वायू सोडीत राहते आणि दर पंधरवड्यास तिच्यात पाणी घालण्याची पाळी येते.